कायदा आणि आपण – वाचकांची प्रश्नोत्तरे : कालचा निवाडा आज टिकून आहे का?

प्रश्न : आमची वडिलोपार्जित नऊ एकर जमीन आहे. आई आधीच वारली होती, वडील २००१ साली गेले. मागे दोन भाऊ आणि मी. माझे लग्न १९९० साली झाले. मी वाटपाचा दावा केला, त्यात २०१७ साली दिवाणी न्यायालयाने मला एक नवमांश हिस्सा ठरवून प्राथमिक हुकूमनामा दिला. तोंडी वाटणी पूर्वीच झाली होती, असे म्हणत भावांनी जिल्हा न्यायालयात अपील केले असून ते अजून पडून आहे. माझे वकील सांगतात की, वडील २००५ पूर्वी वारल्यामुळे मला याहून अधिक मिळणार नाही आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकालच तसा आहे. मुलीला मुलाइतका हक्क मिळाला असे सगळीकडे ऐकते, ते मग खोटे का? – एक भगिनी, सोलापूर जिल्हा

उत्तर : तुमचे वकील म्हणतात तो निकाल खरोखर दिला गेला होता, परंतु आज तो कायदा उरलेला नाही. प्रकाश विरुद्ध फुलवती या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी १६ ऑक्टोबर २०१५ रोजी असे ठरवले होते की, मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क देणारी हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील दुरुस्ती ज्या दिवशी अमलात आली त्या ९ सप्टेंबर २००५ रोजी जो सहदायिक, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच हक्क असलेला कुटुंबीय, हयात होता त्याच्याच हयात मुलींना तिचा लाभ मिळेल. पुढे १ फेब्रुवारी २०१८ रोजी दानम्मा विरुद्ध अमर या प्रकरणात दोनच न्यायमूर्तींच्या दुसऱ्या पीठाने, वडील २००१ सालीच वारलेले असूनही, मुलींना मुलांच्या बरोबरीने हिस्सा दिला. सारख्याच संख्येच्या दोन पीठांचे एकमेकांशी जुळेना, म्हणून प्रश्न तीन न्यायमूर्तींपुढे गेला आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात त्याचा निकाल लागला. मुलगी जन्मानेच सहदायिक होते, त्यामुळे ९ सप्टेंबर २००५ रोजी तिचे वडील हयात असण्याची गरज नाही, असे त्यात स्पष्टपणे ठरवण्यात आले आणि २०१५ चा निकाल उलटवण्यात आला.

हा फरक तुमच्या बाबतीत किती मोठा आहे, ते आकड्यांतच पाहावे. जुन्या हिशेबाने वडिलांच्या मृत्यूच्या लगेच आधी वाटणी झाली असे गृहीत धरायचे, त्या कल्पित वाटणीत वडील आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी एक तृतीयांश द्यायचा आणि मग फक्त वडिलांच्या एक तृतीयांशाचे तीन भाग करायचे. म्हणजे तुमच्या वाट्याला एक नवमांश, नऊ एकरांपैकी एक एकर. आजच्या कायद्याने तुम्ही स्वतःच सहदायिक असल्यामुळे तिन्ही भावंडांचे हिस्से सारखे होतात आणि तुमच्या वाट्याला तीन एकर येतात. दोन एकर जमीन केवळ कोणता निकाल वाचला गेला यावर अवलंबून आहे.

प्राथमिक हुकूमनाम्यात फक्त हिस्से ठरतात, प्रत्यक्ष वाटणी अंतिम हुकूमनाम्याने होते. म्हणून प्राथमिक हुकूमनामा झाला म्हणजे सर्व संपले, असेही मानू नका. अंतिम हुकूमनाम्याचे काम किंवा अपील प्रलंबित असेल तर प्राथमिक हुकूमनामा झालेला असूनही मुलींना मुलांइतका हिस्सा द्यावा, असे २०२० च्या याच निकालात म्हटले आहे. त्याआधी २०११ साली गंडुरी कोटेश्वरम्मा या प्रकरणातही, अंतिम हुकूमनामा होईपर्यंत बदललेल्या कायद्यानुसार हिस्से दुरुस्त करता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते. भावांच्या अपिलात तुमच्या बाजूने हा मुद्दा लेखी उपस्थित करणे, आवश्यक वाटल्यास क्रॉस ऑब्जेक्शन, म्हणजे त्याच अपिलात हुकूमनाम्याविरुद्ध आपली स्वतःची हरकत, दाखल करणे आणि उशीर झाला असल्यास तो माफ करण्यासाठी अर्ज देणे, हे काम पुढच्या तारखेच्या आत व्हावयास हवे.

तोंडी वाटणीचा भावांचा बचावही याच निकालाने बराच दुबळा केला आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटणीला दुरुस्ती हात लावत नाही, हे खरे. परंतु ती वाटणी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली असावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे. तोंडी वाटणीचे कथन सहजासहजी स्वीकारता येणार नाही. सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल आणि वाटणी हुकूमनाम्याने व्हावी तितकी निश्चितपणे झालेली दिसत असेल, तरच अपवाद म्हणून तिचा विचार होईल, असे न्यायालयाने म्हटले आहे. आपल्याकडे सात-बारावर वेगवेगळी नावे लागली की वाटणी सिद्ध झाली, असे धरून चालण्याची सवय आहे. फेरफार नोंद मुख्यतः महसुलाच्या सोयीसाठी असते, तिने मालकी ठरत नाही.

तुमच्या लग्नाच्या सालामुळे आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. महाराष्ट्राने केंद्राच्या आधी अकरा वर्षे, २२ जून १९९४ पासून, मुलींना सहदायिक केले होते. मात्र त्या तारखेपूर्वी विवाह झालेल्या मुली त्यातून वगळलेल्या होत्या. त्यामुळे १९९० साली लग्न झालेल्या तुमच्यासारख्यांना राज्याच्या कायद्याचा उपयोग नव्हता आणि पुष्कळ जणींना तेव्हा तसे सांगून परत पाठवले गेले. २००५ च्या दुरुस्तीत विवाहित आणि अविवाहित असा भेद नाही. त्यानंतरही मुंबई उच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने २०१२ साली या दुरुस्तीचा अर्थ फार संकुचित लावला आणि २०१४ साली पूर्णपीठाने तो मोडून काढला. म्हणजे या एकाच दुरुस्तीच्या अर्थासाठी महाराष्ट्रातील वकिलाला २०१२, २०१४, २०१५, २०१८ आणि २०२० असे पाच टप्पे ठाऊक असावे लागतात; मधल्या कुठल्याही टप्प्यावर जो थांबला, त्याच्या पक्षकाराचे नुकसान होते. पक्षकाराला स्वतःच निकाल शोधून वकिलापुढे ठेवावा लागावा, हे मला खटकते, तरीही २०२० च्या निकालाची प्रत घेऊन वकिलांना भेटा आणि तो तुमच्या प्रकरणाला कसा लागू होतो ते शांतपणे विचारा. नीट वाचून ते काम करण्यास तयार असतील, तर वकील बदलण्याची घाई करू नका.

प्रश्न : मी तालुका न्यायालयात वकिली करतो. माझे ज्येष्ठ म्हणतात की, दिवाणी प्रक्रिया संहिता आणि पुराव्याचा कायदा पाठ असला की पुरे. नवे निकाल उच्च न्यायालयात काम चालवणाऱ्यांनी वाचावेत. रोज इतके निकाल येतात की, सगळे वाचणे अशक्यच आहे. मग खालच्या न्यायालयातील वकिलाने खरोखर काय आणि किती वाचावे? – एक कनिष्ठ वकील, लातूर जिल्हा

उत्तर : कलमे पाठ असावीत, याविषयी तुमच्या ज्येष्ठांशी माझा वाद नाही. पण नवे निकाल वरच्या न्यायालयातील वकिलांसाठी असतात, हे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. साक्षीदार तपासला जातो तो तालुक्यात, दस्तावर निशाणी (पुराव्यातील क्रमांक) पडते ती तालुक्यात आणि हरकत घ्यायची राहून गेली तर तीही तालुक्यातच राहते. उच्च न्यायालयातील वकील पुढे त्याच कागदांवर युक्तिवाद करतो. म्हणून ताज्या निकालांची सर्वांत अधिक गरज जर कोणाला असेल, तर ती मूळ न्यायालयात पुरावा नोंदवून घेणाऱ्या वकिलाला.

सीसीटीव्हीचे चित्रीकरण किंवा मोबाइलमधील संभाषण पुराव्यात आणायचे, हे आता तालुक्याच्या न्यायालयात नित्याचे झाले आहे. त्यासंबंधीच्या जुन्या पुरावा अधिनियमातील कलम ६५ब चे शब्द तेच होते, परंतु त्याचा अर्थ पंधरा वर्षांत अनेकदा बदलला. २००५ साली संसद हल्ल्याच्या खटल्यात, कलमातील प्रमाणपत्र, म्हणजे ती नोंद कोणत्या उपकरणातून आणि कशी घेतली याचा जबाबदार व्यक्तीने दिलेला दाखला, नसले तरी अन्य मार्गाने असा पुरावा देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. १८ सप्टेंबर २०१४ रोजी अन्वर विरुद्ध बशीर या प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी ते मत उलटवून प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. २०१८ साली शफी मोहम्मद प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी ही अट पुन्हा सैल केली आणि देशभरातील न्यायालयांत दोन्ही निकाल परस्परांवर फेकले जाऊ लागले.

तो गोंधळ संपला तो आपल्या मराठवाड्यातील प्रकरणाने. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा २९६ मतांनी पराभव केला. खोतकर यांचे नामनिर्देशनपत्र दुपारी तीनच्या मुदतीनंतर स्वीकारले गेले, असा आक्षेप घेऊन निवडणूक याचिका दाखल झाली आणि त्याचा मुख्य पुरावा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणाचा होता. याचिकाकर्त्यांनी प्रमाणपत्र वारंवार मागितले, ते मिळाले नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी मूळ उपकरणच न्यायालयात आणले जात नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे ठरवून २०१८ चा निकाल रद्दबातल केला. मात्र प्रमाणपत्र मिळवण्यासाठी पक्षकाराने शक्य ते सर्व केले असेल आणि ज्याच्या ताब्यात उपकरण आहे तोच ते देत नसेल, तर पक्षकाराला त्या अटीतून सूट मिळते, असेही सांगितले.

या शेवटच्या वाक्यातून तालुक्याच्या वकिलासाठी एक ठोस काम निघते. पेट्रोल पंपाच्या मालकाने किंवा बँकेच्या शाखेने प्रमाणपत्र दिले नाही, तर हात चोळत बसायचे नाही. आधी लेखी मागणी करायची, तिची पोच जपून ठेवायची आणि मग ते प्रमाणपत्र हजर करण्याचा आदेश व्हावा म्हणून न्यायालयात अर्ज द्यायचा. हा अर्ज आणि मागणीची पत्रे रेकॉर्डवर असतील तरच वरच्या न्यायालयात कोणाला काही म्हणता येईल. शिवाय १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ लागू झाले असून प्रमाणपत्राचा नमुनाच अनुसूचीत दिला आहे. त्याचे दोन भाग आहेत, दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा आहे आणि त्यात अभिलेखाचे हॅश मूल्य, म्हणजे त्यात बदल झालेला नाही हे पडताळण्यासाठी संगणकाने काढलेला त्याचा सांकेतिक ठसा, नोंदवावे लागते. कार्यालयातील संगणकात जपून ठेवलेला जुना एकपानी मसुदा यापुढे चालणार नाही.

कधीकधी निकाल इतका पक्का वाटतो की, त्यावर सगळ्यांचे कामकाज बसवले जाते आणि मग तोही जातो. २०१८ च्या एशियन रिसरफेसिंग निकालामुळे दिवाणी किंवा फौजदारी कामास मिळालेली स्थगिती सहा महिन्यांनी, कारण नोंदवून वाढवली नसल्यास, आपोआप उठते, असे मानले जात होते आणि ठिकठिकाणी त्याच्या आधारे खटले पुन्हा सुरू करण्याचे अर्ज दिले जात. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती भूमिका चूक ठरवली. त्यानंतर असा अर्ज देणे म्हणजे पक्षकाराच्या पैशाचा अपव्यय आहे. तर कधी निकाल उलटवणारे न्यायालय नसते, संसद असते : दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १ ऑगस्ट २०१४ च्या निकालाने धनादेश न वटल्याची फिर्याद तो काढणाऱ्याच्या बँकेच्या ठिकाणी दाखल करावी लागेल, असे ठरले, असंख्य फिर्यादी परत केल्या गेल्या आणि जून २०१५ मध्ये अध्यादेश काढून फिर्याद पुन्हा धनादेश घेणाऱ्याच्या बँकशाखेच्या ठिकाणी आणली गेली. हा निकाल एकटाच वाचणारा आजही फिर्याद चुकीच्या गावी दाखल करील.

आता किती वाचावे, हा तुमचा प्रश्न. सगळे वाचणे कोणालाच शक्य नाही आणि तशी अपेक्षाही नाही. तुमच्याकडे वाटपाचे दावे, मनाईचे दावे, पोटगीचे अर्ज, धनादेशाच्या फिर्यादी आणि जामीन एवढीच कामे येत असतील, तर त्या पाच विषयांपुरते सर्वोच्च न्यायालय आणि मुंबई उच्च न्यायालय यांचे निकाल आठवड्यातून एकदा नियमाने पाहावेत. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा किंवा ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेले कोल्हापूरचे सर्किट बेंच यांपैकी कोठूनही आलेला असो, तो लातूरच्या न्यायालयांवर सारखाच बंधनकारक आहे. खर्चाची सबब आता उरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ पासून ई-एससीआर हे अधिकृत निकालांचे भांडार सर्वांसाठी विनाशुल्क खुले केले आहे आणि काही निकालांचे मराठी अनुवादही तेथे मिळतात.

वाचताना निव्वळ हेडनोटवर, म्हणजे निकालाच्या वर छापलेल्या सारांशावर, विसंबू नका. निकाल किती न्यायमूर्तींचा आहे, त्यातील घटना आपल्या प्रकरणाशी कोठे जुळतात आणि कोठे जुळत नाहीत आणि जे वाक्य आपण उचलणार ते न्यायनिर्णयाचा गाभा आहे की जाता जाता केलेले विधान, हे पूर्ण निकाल वाचल्याशिवाय कळत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जो निकाल आपण दाखवणार तो आज टिकून आहे काय, हे युक्तिवादाच्या आदल्या दिवशी पाहावे. दावा दाखल करताना पाहिले होते, एवढे पुरत नाही. दावे वर्षानुवर्षे चालतात आणि मधल्या काळात निकाल बदलतात. ओरिसा राज्य विरुद्ध नलिनीकांत मुदुली या २००४ च्या प्रकरणात, उलटवला गेलेला निकाल ती गोष्ट न सांगता न्यायालयापुढे ठेवणे ही गंभीर बाब आहे आणि वकील हा न्यायालयाचा अधिकारी असल्यामुळे न्यायालयाला साहाय्य करणे, त्याची दिशाभूल न करणे हे त्याचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते. तालुक्यातील न्यायाधीशांपुढे दिवसाला कितीतरी प्रकरणे असतात. वकिलाने दाखवलेल्या निकालावर त्यांना पुष्कळ अंशी भरवसा ठेवावा लागतो. त्या भरवशाला जागणे हे आपल्या व्यवसायाचे पहिले देणे आहे, असे मी मानतो. तुमच्या ज्येष्ठांना हे पटवता आले नाही तरी त्यांच्या फाइलींसाठी ताजे निकाल तुम्हीच शोधून ठेवावेत. अनुभव त्यांचा आणि वाचन तुमचे, अशी जोडी पक्षकाराच्या फायद्याची ठरेल.

प्रश्न : वकिलाने जुना, रद्द झालेला निकाल दाखवल्यामुळे मी दावा हरलो, असे मला नंतर समजले. ग्राहक आयोगात तक्रार करता येईल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलाची व्यावसायिक सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असे ठरवले आहे. गैरवर्तन असेल तर अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते आणि नुकसानभरपाईसाठी दिवाणी दाव्याचा मार्ग खुला आहे. मात्र प्रत्येक चूक म्हणजे गैरवर्तन नव्हे, हे ध्यानात घ्यावे.

तुमच्या दृष्टीने तक्रारीपेक्षा अपिलाची मुदत अधिक मोलाची आहे. जिल्हा न्यायालयात अपील करण्यास निकालापासून ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ९० दिवस असतात, प्रमाणित नकलेसाठी लागलेला वेळ त्यातून वगळला जातो. तुमच्या दाव्याचा निकाल लागण्यापूर्वीच तो निवाडा उलटवला गेला होता की नंतर, हे आधी तपासून घ्या. आधीच उलटवला गेला असेल, तर अपिलात तुमची बाजू भक्कम आहे. नंतर उलटवला गेला असेल तर तेवढ्याच कारणासाठी पुनर्विलोकन, म्हणजे त्याच न्यायालयाकडून निकालाचा फेरविचार, मागता येत नाही, असे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४७ मधील स्पष्टीकरणातच म्हटले आहे. तेव्हा अपील हाच रस्ता उरतो आणि विलंब झाला असल्यास त्याची कारणे प्रामाणिकपणे मांडावी लागतात.

प्रश्न : मी पुण्यात विधी शाखेच्या शेवटच्या वर्षात आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने एका क्षणात हवे ते निकाल शोधून देतात. मग निकाल वाचत राहण्याची आवश्यकता उरते का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : ही साधने अस्तित्वातच नसलेले निकाल नाव, वर्ष आणि क्रमांकासह देतात, हा अनुभव आता न्यायालयांनाही आला आहे. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने अशा बनावट निकालांचा आधार घेणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला. २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने एक प्राप्तिकर आकारणी आदेश रद्द केला, कारण अधिकाऱ्याने त्यात ज्या निकालांचा दाखला दिला होता ते कोठेही सापडत नव्हते.

खोटा निकाल पकडणे तुलनेने सोपे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांना आता आयएनएससी आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालांना बीएचसी अशी अक्षरे असलेला तटस्थ संदर्भ क्रमांक मिळतो. तो न्यायालयाच्या संकेतस्थळावर टाकला की निकाल उघडतो किंवा उघडत नाही. खरा, पण मागे पडलेला निकाल पकडणे याहून अवघड आहे. मुद्रांक न लावलेल्या करारातील लवादाचे कलम अमलात आणता येत नाही, असा निकाल पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २५ एप्रिल २०२३ रोजी बहुमताने दिला. घटनापीठाचा आणि तोही अगदी ताजा, म्हणून त्यावर विसंबून राहावे असे कोणालाही वाटले असते. परंतु १३ डिसेंबर २०२३ रोजी, आठ महिनेही पुरे होण्याआधी, सात न्यायमूर्तींनी तो उलटवला. तो एप्रिलचा निकाल संकेतस्थळावर आजही उघडतो, त्याचा क्रमांक बरोबर आहे आणि त्यातील प्रत्येक परिच्छेद अस्सल आहे. साधनाला लवादाच्या मुद्रांकाविषयी विचारले आणि त्याने तोच पुढे ठेवला, तर त्यात चूक काय आहे हे ओळखण्यासाठी डिसेंबरचा निकाल तुम्ही आधीच वाचलेला असावा लागेल.